नेहमीप्रमाणे उत्तर द्यावे

पत्र तिचंच होतं. इतकं वाकडं अक्षर दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नव्हतं. ओळ डावीकडून ताठ मानेनं निघायची आणि उजव्या कडेला पोचेपर्यंत उतारावरून घसरल्यासारखी खाली यायची. भावजी, म्हणजे तिचे धाकटे दीर, लाल फितीचा गठ्ठा टेबलावर ठेवून खिडकीशी उभे होते आणि रुमालानं टाळू पुसत होते. दोन जिने चढून आलं की आधी टाळू पुसायची, मग बोलायचं, हा त्यांचा क्रम. तोवर तिनं वरचं पत्र सहज उचललं, चार ओळी वाचल्या आणि घडी घालायला म्हणून उलटं केलं. पाठीवर, उभ्या घडीच्या अर्ध्या भागात, सुबक गोल अक्षरात लिहिलं होतं: 'प्रेषक: पत्नी. विषय: मुलीचा ताप उतरत नाही. येण्याबद्दल विचारणा.' त्याखाली वेगळ्या शाईत, कोंबडी पाय ओढत गेल्यासारखं खरडलेलं होतं: 'नेहमीप्रमाणे उत्तर द्यावे.' शेजारी एक वेटोळं, बहुधा सहीचं.

तिला आधी काहीच वाटलं नाही. बोट कापल्यावर रक्त यायच्या आधी एक क्षण कातडी नुसती पांढरी दिसते, तसं झालं. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. ते गोल अक्षर तिच्या ओळखीचं होतं. ओळखीचं कसलं, पाठ होतं. आतल्या खोलीतल्या पेटीत नवऱ्याची सगळी पत्रं होती आणि ती सगळी ह्याच अक्षरात होती. पोटं भरलेली, काने सरळ, दोन शब्दांत बोट मावेल एवढी जागा. तिनं विचारलं, ह्यांनी हे माझ्या पत्राच्या पाठीवर कशाला लिहिलं असेल? भावजींचा दम एव्हाना बसला होता. ते हसले आणि म्हणाले की दादाचं अक्षर ते नव्हेच, दादाचं ते खालचं, कोंबडीचं. वरचं मोत्यासारखं आहे ते मसुदे करणाऱ्या कारकुनाचं. दादा असली पोटं भरत बसला असता तर शहराच्या घशात अजून विहिरीचंच पाणी असतं.

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं. आयुष्यभर मास्तरकी केलेली, तेव्हा समजावून सांगायला लागले की त्यांचा चेहरा खुलायचा. पत्र आलं की कारकून ते फोडायचा. उभी घडी घालून पाठीवर लिहायचा, कुणाचं आणि काय म्हणणं. साहेबांना आतलं सगळं वाचायला लागू नये, पाठ बघूनच कळावं म्हणून. साहेब पाठीवरच हुकूम लिहायचे. त्या हुकमावरून कारकून मसुदा करायचा, साहेब तो वाचून ठीक म्हणायचे, मग त्याची चांगली प्रत निघायची आणि तिच्यावर साहेबांची सही. ठेकेदाराचं पत्र असो, गव्हर्नराचं असो. तिनं विचारलं, घरचं असो? भावजी म्हणाले, टपाल तर एकाच पिशवीतून यायचं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"त्यात ठाऊक असायचं काय, वहिनी? सगळ्या मोठ्या अधिकाऱ्यांचं तसंच असतं. मी सुटीत दादाकडे जायचो तेव्हा त्या कारकुनाच्याच टेबलाशी गप्पा ठोकत बसायचो. पण एक आहे, वाचल्याशिवाय दादानं कधी सही केली नाही. त्या बाबतीत कडक."

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं आणि कामाच्या गोष्टीकडे वळले. शहरात नळ आणणाऱ्या ह्या दिवंगत अधिकाऱ्याचा, म्हणजे दादाचा, पत्रव्यवहार छापायचं नगरसभेनं ठरवलं होतं. संपादक भावजी. पुस्तकाचे दोन भाग: पहिला खाजगी, दुसरा सरकारी. दुसऱ्या भागाचं मुद्रण सुरूही झालं होतं; पहिल्यासाठी मात्र तिच्या पेटीतली पत्रं हवी होती. विशेषतः ते, पोर, छकुली, गेली तेव्हाचं. ते पत्र वाचलं की लोकांना कळेल की टाक्या बांधणारा हा माणूस आतून काय होता. तिची स्वतःची पत्रं कचेरीच्या दप्तरात सापडली, तीही संदर्भाला उपयोगी पडतील म्हणून त्यांनी काढून आणली होती. चाळून ठेवा, म्हणाले, रविवारी येतो, तेव्हा दोन्ही गठ्ठे नेईन. जाताना जिन्यावरून त्यांनी नेहमीची थट्टा केली, वहिनी, तुमचे जिने चढण्यापेक्षा दादाचं धरण सोपं होतं. ती नेहमीसारखी हसली. हसून झाल्यावर तिला कळलं की आपण हसलो.

भावजी काही वाईट माणूस नव्हते, हीच तर अडचण होती. तिला अक्षर शिकवलं ते त्यांनीच. त्याआधी, दूर धरणाच्या कचेरीतून येणारी नवऱ्याची पत्रं मधल्या खोलीत सासूबाईंसमोर वाचली जायची. भावजी मोठ्यानं वाचायचे, ती दाराच्या चौकटीला टेकून ओल्या हातांनी ऐकायची, आणि वाचून झालं की ते लेखणी सरसावून विचारायचे, सांगा वहिनी, काय लिहू? सासूबाई तिच्याकडे बघत असायच्या. काय सांगणार? सगळं ठीक आहे, लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा सगळं ठीक आहे. तिशी उलटल्यावर एक दिवस ती भावजींना म्हणाली की मला शिकवा. त्यांनी थट्टा केली, पण शिकवलं. शाळेच्या वापरलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर, भांडी आवरून झाल्यावर. तिच्या क ला कंबर नाही म्हणायचे आणि ग ला लकवा झालाय म्हणायचे. बोटं भांड्यांना सरावलेली, लेखणी त्यांच्यात चमच्यासारखी उभी राहायची. पण तिला घाई होती. तिला आपल्या आणि त्याच्यामध्ये कुणीही नको होतं. सासू नको, दीर नको, खोलीतला उजेडसुद्धा नको. पहिलं पत्र लिहायला अख्खी दुपार गेली होती आणि त्यात एवढंच होतं की मी स्वतः लिहिते आहे, आता दुसरं कुणी वाचणार नाही.

दुसरं कुणी वाचणार नाही. तिनं गठ्ठ्यात ते पत्र शोधलं. सापडलं. पाठीवर लिहिलं होतं: 'विषय: पत्नीस लिहिता येऊ लागले.' खाली कोंबडीचे पाय: 'अभिनंदन.' आणि ते अभिनंदनाचं उत्तर पेटीत होतं, आलं तेव्हा तिनं ते पदराखाली धरून न्हाणीत नेलं होतं आणि उभ्यानं वाचलं होतं. तेव्हा तिला पहिल्यांदा ते मोठं, गोल, सुटं अक्षर दिसलं. तिला वाटलं, एवढा कामाचा माणूस, पण मला नवीनच वाचता येतंय म्हणून एकेक अक्षर मोठं काढून लिहितो आहे. लहान मुलाला भरवताना आपण घास बारीक करतो तसं. त्या एका समजुतीवर तिनं किती वर्षं काढली. तो घरी यायचा तेव्हा फारसं बोलायचा नाही, आला तसा जायचा, पण तिचं काही अडायचं नाही. बोलणं पत्रात होतं. समोरचा माणूस हा त्या पत्रातल्या माणसाचा कामावर जाणारा भाऊ असावा, असं ती त्याच्याशी वागायची. जेवायला वाढायची, आणि मनातलं पत्रात ठेवायची.

आणि काय काय लिहिलं होतं. ती एकेक पत्र उलटत गेली, आतलं न वाचता, नुसत्या पाठी. कचेरीनं वाचलं तसंच. 'सासूशी बेबनाव.' 'छपराची गळती.' 'मुलीचा दात.' एका पत्राशी तिचा हात थांबला. त्यात काय आहे ते तिला उघडायची गरज नव्हती. त्यात तिनं लिहिलं होतं की अंथरुणावर तुमच्या बाजूला मी झोपत नाही, तिथं हात ठेवून झोपते, आणि पहाटे हात थंड झालेला असतो. हे लिहून तिनं दोन दिवस पत्र टाकलं नव्हतं, लाजेनं. पाठीवर होतं: 'घरगुती. किरकोळ.' हुकूमच नव्हता त्यावर, फक्त वेटोळं. कुणीतरी फटकन तोंडावर दार लावावं तसं तिला झालं, पण दार लावणाऱ्याला तरी माणूस दिसलेला असतो. तिनं पत्र ठेवून दिलं. खाली रस्त्यावर नळाशी बायका बोलत होत्या, कुणाची तरी बादली उलटली आणि सगळ्या हसल्या. ह्याच माणसानं आणलेलं पाणी. त्या बायका त्याला दुवा देत असतील, आणि बरोबरच होतं, पाणी खरंच येत होतं.

छकुलीच्या पत्राचं उत्तर मात्र तिनं पेटीतून काढलं नाही. काढायची गरज नव्हती. 'घरातली तिची जागा भरायची घाई करू नकोस. ती रिकामी राहू दे. आपण तिच्या कडेनं चालायला शिकू.' खिडकीखाली छकुलीची छोटी खाट होती. सासूबाईंनी ती उचलली आणि तिथं कपाट ठेवायचं काढलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ती सासूच्या समोर उभी राहिली आणि नाही म्हणाली. जागा रिकामी राहिली. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, आमच्याकडे हवेला राहायला जागा दिलीय. ती ऐकून घ्यायची आणि झाडताना त्या चौकोनाच्या कडेनं जायची. दीड महिन्यानं नवरा आला. दारातून आत आला, इकडेतिकडे पाहिलं, आणि हातातली ट्रंक नेमकी खिडकीखाली, त्या रिकाम्या चौकोनात ठेवली. तिच्या छातीत काहीतरी खटकन मोडलं होतं. पण तिनंच ते सांधलं. माणूस दुःखात आहे, त्याला भान नाही, पोरीच्या जागी उभं राहवत नाही म्हणून डोळे मिटून ट्रंक टाकली त्यानं. तो हात धुवायला गेल्यावर तिनं ट्रंक उचलून दाराशी नेली. जेवताना तो म्हणाला, ट्रंक इथं कुणी आणली? तिनं त्याला भात वाढला. एवढं सांधण्यात तिचा हातखंडा होता. पुढं निवृत्त होऊन तो घरी बसला आणि वर्तमानपत्राच्या कडेला काहीबाही खरडायला लागला, तेव्हा ते कोंबडीचे पाय बघून तिला भरून आलं होतं. म्हातारपणानं ह्यांचं किती सुंदर अक्षर मोडलं. एकदा धीर करून तिनं त्याला ती रिकाम्या जागेची ओळ म्हणून दाखवली. त्यानं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, असं लिहिलं होतं मी? बरं लिहिलं होतं. लाजतो आहे, असं समजून ती किती तरी दिवस मनाशी हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घोड्याच्या ट्राममध्ये बसली आणि त्या कारकुनाकडे निघाली. पत्ता भावजींनी बोलता बोलता सांगितला होता. मुलाचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे, त्याच्यामागं राहतो. कशाला निघाली हे ती स्वतःशीसुद्धा नीट बोलत नव्हती. पण ट्राम वळणावर हलली की ते आतून वर यायचं आणि तिला खिडकीबाहेर बघावं लागायचं. त्यानं लिहिलं नसेल, पण कुणीतरी लिहिलं होतं ना. जगात एक माणूस होता, ज्यानं तिची पत्रं फोडली, वाचली, तिची पोर गेल्याचं वाचलं, आणि हातातली कामं ठेवून, जागा रिकामी राहू दे असं लिहिलं. ते खोटं कसं असेल? सही दुसऱ्याची असेल, मन तर त्याचं होतं. ह्या वयात हे मनात यावं म्हणून तिला शरम वाटत होती, आणि तरी तिनं निघताना आरशात बघून केस सारखे केले होते. फसवलं गेल्याचं दुःख एक, आणि आपण अजून आशा सोडत नाही ह्याचं दुसरं. दुसरं जास्त बोचत होतं.

दुकानात पुस्तकं चिकटवायच्या सरसाचा वास होता. मागच्या खोलीत एक लहानसा, नीटनेटका म्हातारा खुर्चीत बसला होता, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. तिनं ओळख सांगितली तशी तो धडपडत उठला, बाईसाहेब तुम्ही, माझ्या घरी, असं दोनदा म्हणाला, आणि सुनेला हाक मारून चहा सांगितला. बोलका होता. साहेबांची शिस्त, साहेबांचा स्वभाव, गोंदाच्या डबीवरून साहेब एकदा कसे चिडले होते, हे सगळं त्यानं रंगवून सांगितलं. तिची पत्रं त्याला चांगली आठवत होती. वाचायला फार सोपी, म्हणाला, ठेकेदारांसारखा घोळ नाही, पहिल्या दोन ओळींत विषय कळायचा. ती कपाची कड बोटानं पुसत राहिली. मग तिनं विचारलं की माझ्या पत्रांना तुम्ही अक्षर इतकं मोठं का काढायचात. साहेबांनी सांगितलं होतं का? तिचा आवाज एवढा साधा होता की तिचं तिलाच नवल वाटलं.

"छे हो, सांगतील कशाला?" म्हातारा म्हणाला. "मला बारीक दिसायचंच नाही तेव्हा. चष्मा नंतर आला. सगळ्यांनाच मोठं लिहायचो मी. कागद फार जातो म्हणून साहेब ओरडायचे."

तो हसला. तिलाही हसू आलं, खरंच आलं, कारण गोष्ट हसण्यासारखीच होती. ह्या हसण्याच्या आडूनच तिनं पुढचं विचारलं, नाहीतर विचारता आलं नसतं. मुलगी गेली तेव्हाचं पत्र. त्यातली ओळ तिनं म्हणून दाखवली, एकही शब्द न चुकता. म्हाताऱ्यानं मान मागं टाकली आणि डोळे मिटून ऐकलं, जुन्या गवयाला कुणी त्याचीच चीज ऐकवावी तसं.

"चांगलं उतरलं होतं ते," तो म्हणाला. "एका खंदकाची भिंत कोसळून मुकादम गेला होता, त्याच्या बायकोसाठी लिहिलं होतं पहिल्यांदा. साहेबांना आवडलं, म्हणाले हे वाक्य राहू द्या. मग तेच ठेवलं. पुरुष असला तर 'त्याची जागा', बाई असली तर 'तिची'. तेवढा बदल केला की झालं."

तिनं विचारलं, किती घरी गेलं असेल? तो बोटांवर मोजत आठवू लागला. पंप फुटला त्या वर्षी बरीच गेली, म्हणाला. मग नगरसभेच्या अध्यक्षांची आई. मग तो इंजिनियर, बुडाला तो. मध्येच थांबून त्यानं तिच्याकडे पाहिलं. जाड काचांमागं त्याचे डोळे फार मोठे आणि फार लांब दिसत होते. आपण काहीतरी चुकीचं बोललो हे त्याच्या लक्षात आलं, पण काय ते कळेना, आणि गोंधळून त्यानं विचारलं, चहा गोड झालाय का? तिनं सांगितलं, बरोबर झालाय. तो वाईट नव्हता. कुणीच वाईट नव्हतं. तिला एकदम दिसलं, ठिकठिकाणच्या घरांत रिकामे ठेवलेले चौकोन, आणि त्यांच्या कडेनं चालणाऱ्या बायका, प्रत्येकीला वाटतंय की हे फक्त मला सांगितलंय. मुकादमाची बायको वाचू शकत नसेल, तिला कुणी वाचून दाखवलं असेल. निदान तिला माहीत होतं की पत्र सरकारी आहे.

येताना ती ट्राममध्ये बसली नाही, चालत आली. पाय दुखले ते बरं वाटलं. राग कुणावर काढावा ते तिला सापडत नव्हतं. नवऱ्यावर काढावा तर तो मेला होता, आणि जिवंत असता तर त्यानं खरोखर न कळून विचारलं असतं, उत्तर वेळेवर मिळत नव्हतं का? मिळत होतं. एकाही पत्राचं उत्तर चुकलं नव्हतं. मार खाल्ला असता, दुसरी बाई असती, तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं. ह्याला नावच नव्हतं. माझ्या नवऱ्यानं माझी पत्रं नीट दप्तरी लावली, असं सांगून कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार? आणि गंमत अशी की त्या खोट्या पत्रांवर ती खरी जगली होती. सासूसमोर नाही म्हणाली ती खरी. कडेनं चालली ती खरी. नुसतं समोर कुणी नव्हतं. अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा तशी ती आयुष्यभर टाकत आली होती, आणि पाय टेकत गेला होता, तो कशावर टेकला ते आता कळायला मार्ग नव्हता.

रविवारी भावजी आले. टाळू पुसली. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून तिच्यापुढं ठेवला, पत्रं छापायला तिची परवानगी. भाषा त्यांनीच करून आणली होती, खाली फक्त सही करायची. 'माझ्या दिवंगत पतींच्या कोमल अंतःकरणाची साक्ष' असं त्यात होतं. तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि कागद बाजूला सारला. पेटीतला गठ्ठा तिनं आधीच टेबलावर आणून ठेवला होता. तो तिनं त्यांच्याकडे सरकवला. लाल फितीचा, तिच्या पत्रांचा, मांडीवर होता तो तिथंच राहिला. भावजींनी त्याच्यासाठी हात पुढं केला.

"ही नाही," ती म्हणाली. "ही माझी आहेत."

दप्तराची आहेत वहिनी, सही करून आणलीत, परत नेऊन द्यावी लागतील, असं ते बोलू लागले. तिनं ते पूर्ण होऊ दिलं आणि मग शांतपणे सांगितलं की कचेरीला कळवा, म्हातारीनं दिली नाहीत. काय करतील? भावजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो विषय सोडला. बरं, दादाची तर मिळाली, म्हणाले, मुख्य तीच. पहिल्या भागात घेतो.

"पहिल्यात नको, भावजी. दुसऱ्यात घाला."

त्यांना वाटलं तिचा घोटाळा झाला. मास्तराच्या सवयीनं त्यांनी सावकाश सांगितलं की दुसरा भाग सरकारी पत्रांचा आहे, त्यात नळ, खंदक, ठेके, पंप. ती म्हणाली, हो, त्यातच. नळांच्या आणि पंपांच्या मध्ये जिथं तारीख बसेल तिथं. तारखेवार लावा. मुकादमाच्या बायकोचंही सापडलं तर शेजारी लावा. भावजींच्या हातातला रुमाल तसाच राहिला. बोलले तेव्हा त्यांचा आवाज मास्तराचा नव्हता, घरातल्या लहान भावाचा होता. दादाची लाज काढू नका, म्हणाले. मी तुम्हाला अक्षर शिकवलं ते ह्यासाठी का? ती म्हणाली, ह्यासाठी नव्हतं. पण शिकवलंत तर खरं.

"मग पहिल्या भागात राहील काय?" त्यांनी विचारलं. "कोरी पानं छापू? लोक म्हणतील, एवढा मोठा माणूस, त्याला घरच नव्हतं."

"घर होतं की," ती म्हणाली. "मी राहत होते त्यात."